पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन: गाड्यांपासून दूर, नदीच्या काठाकाठाने सायकलवर

पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गहून निघून ॲपलेशियन डोंगर ओलांडायचे आणि थेट वॉशिंग्टन डीसीत उतरायचं, तेही मोटारींच्या रस्त्यावर जवळपास न जाता, असा मार्ग अमेरिकेत आहे. एकूण अंतर सुमारे ३३४ मैल, म्हणजे ५३८ किलोमीटर. एका वाटेला दुसरी वाट जोडून तो झाला आहे. पहिली ‘ग्रेट अलेगेनी पॅसेज’. तिला सगळे ‘गॅप’ म्हणतात. पिट्सबर्ग ते मेरीलँडमधलं कंबरलँड, १५० मैल. दुसरी ‘सी अँड ओ’ म्हणजे चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट. कंबरलँड ते वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन, १८४.५ मैल. पहिली जुन्या रेल्वेमार्गावर आहे, दुसरी कालव्याच्या काठावर, खेचरं जिथून बोटी ओढत चालायची त्या पट्टीवर. आगगाडी तीव्र चढ चढू शकत नाही आणि कालव्यातलं पाणी तर चढ चढतच नाही, म्हणून डोंगराळ मुलुख असूनही ही वाट जवळजवळ सपाट आहे.

पिट्सबर्ग, डीसी, मेरीलँड, उत्तर व्हर्जिनिया इथल्या मराठी मंडळींना ही वाट घराच्या अंगणात असल्यासारखीच. तरी बरेच जण ‘चढ नाही म्हणजे सोपं’ असं धरून निघतात आणि तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी गावात घरून गाडी मागवतात. ताम्हिणी किंवा पसरणी चढलेल्या माणसाला इथला चढ चढ वाटणारच नाही. दमवतात त्या दुसऱ्याच गोष्टी: भुसभुशीत किंवा चिखलाचा पृष्ठभाग, दोन गावांमधली लांब अंतरं, आणि एक मिनिटही न थांबता मारावं लागणारं पायडल. म्हणून या सहलीची आखणी चढावरून नको. पाणी, खाणं आणि मुक्काम यांवरून करा.

चढ नेमका किती?

पिट्सबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण ७२० फुटांवर आहे. ‘ईस्टर्न कॉन्टिनेन्टल डिव्हाइड’ हा मार्गावरचा सर्वांत उंच बिंदू, २,३९२ फूट. इथे पाणी वाटलं जातं: पश्चिमेकडचं मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातात जातं, पूर्वेकडचं पोटोमॅकमार्गे चेसापीक उपसागरात. पिट्सबर्गहून हा बिंदू सुमारे १२६ मैलांवर आहे, त्यामुळे चढाची सरासरी पाव टक्का पडते. कॉनेल्सव्हिलनंतर तो थोडा वाढतो, तरी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहतो. डोळ्यांना वाट सपाट दिसते, वेग मात्र ताशी दोन-तीन किलोमीटरने पडलेला असतो. ‘ब्रेक घासतोय की काय’ अशी शंका येऊन लोक उतरून चाक फिरवून बघतात. चाक ठीक असतं, चढ असतो.

कंबरलँडच्या बाजूने हीच उंची साधारण २४ मैलांत गाठावी लागते. चढ सरासरी दीड टक्का, कुठेकुठे पावणेदोन. सामानासह हा टप्पा तीन ते चार तास घेतो, आणि मध्ये एकदाही उतार मिळत नाही.

दिशा कोणती घ्यावी? पहिल्यांदा जाणाऱ्याने पिट्सबर्गहून निघावं. सुरुवातीचे तीन दिवस चांगल्या पृष्ठभागाचे आणि गावांची सोय असलेले मिळतात, तेवढ्यात अंग आणि सायकल दोन्ही रुळतात, आणि डिव्हाइडपासून कंबरलँडपर्यंत चोवीस मैल उतार मिळतो. उलट बाजूने आलात तर वाटेचा सर्वांत खडबडीत भाग आधी येतो आणि तो संपल्यावर लगेच मोठा चढ.

कधी जावं

मे मध्य ते जून मध्य, नाहीतर सप्टेंबर ते ऑक्टोबर मध्य. जुलै-ऑगस्टमध्ये पोटोमॅकच्या खोऱ्यात दमटपणा मुंबईच्या मे महिन्याशी स्पर्धा करतो, वर डास. ऑक्टोबरच्या मध्यात झाडांचे रंग बघण्याजोगे असतात, पण तेव्हा दिवस अकरा तासांचा झालेला असतो आणि रात्री चांगलीच थंडी पडते.

एप्रिलच्या आधी आणि नोव्हेंबर उलटल्यावर मात्र एक पक्की अडचण आहे. डिव्हाइडजवळचा ३,२९४ फूट लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात दारं लावून बंद करतात. आत झिरपणारं पाणी गोठून अस्तर फुटू नये म्हणून. साधारण डिसेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तो बंद असतो. वळसा घालायचा तर डोंगरातल्या मोटाररस्त्यांनी जावं लागतं, खरे तीव्र चढ तिथे भेटतात. तारीख दरवर्षी हवामानानुसार हलते, म्हणून तिकीट काढण्याआधी बोगदा उघडल्याची सूचना पाहावी.

सायकल आणि चाकं

‘गॅप’वर चुनखडीची बारीक कच दाबून बसवलेली आहे. कोरडी असताना ३२ मिलिमीटरचे टायरही मजेत चालतात. पण कालव्याची वाट वेगळी. काही पट्ट्यांवर अलीकडे नवी कच टाकली आहे, बाकी ठिकाणी माती, झाडांची मुळं, गोटे आणि पावसानंतर दिवसचे दिवस न वाळणारी डबकी. दोन्ही वाटा करणार असाल तर ४० ते ४५ मिलिमीटरचे टायर घ्या. ग्रॅव्हल सायकल, टूरिंग सायकल, पुढचं सस्पेन्शन लॉक होणारी साधी माउंटन बाइक, काहीही चालेल. २५ मिलिमीटर टायरांची रोड बाइक नको.

हवा किती भरायची यावर बरंच अवलंबून आहे. ७५ किलोचा माणूस, १२ ते १५ किलो सामान आणि ४० मिलिमीटरचे टायर असतील तर मागे ४५ ते ५० पीएसआय, पुढे ३५ ते ४०. जास्त भरली तर सायकल प्रत्येक मुळावर उडते, मनगटं दुखतात, कॅरियरचे बोल्ट सैल होतात. कमी भरली तर मुळावर आदळताना ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन समांतर भोकं पडतात. अशी दोन भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

मडगार्ड लावाच, पण टायर आणि मडगार्ड यांच्यात निदान १० मिलिमीटर जागा ठेवा. कालव्याच्या वाटेवरची चिकणमाती, तीत अडकलेली पानं आणि काड्या तिथे जाऊन बसतात आणि चाक जाम होतं. सलग दोन दिवस पाऊस पडला असेल तर पुढचं मडगार्ड काढून बॅगेवर बांधणं सोयीचं पडतं. कपडे भिजतील, पण सायकल चालेल.

चुनखडीची ओली कच चेन, ब्रेक आणि डिरेलरवर (गिअर बदलणाऱ्या भागावर) उडते आणि रात्रभरात सिमेंटसारखी घट्ट होते. म्हणून रोज संध्याकाळी, ती ओली असतानाच, बाटलीभर पाण्याने धुवायची. मग चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीवर थेंब-थेंब तेल, आणि पाच मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून टाकायचं. कोरड्या दिवसांत मेणाचं किंवा ‘ड्राय’ ल्यूब वापरा. दाट चिकट तेल धूळ ओढून घेतं आणि चेनचा सॅंडपेपर होतो. रिम ब्रेक असतील तर या कचेने पॅड भराभर झिजतात. एक जादा जोडी जवळ हवी.

कॅरियरचे बोल्ट बहुतेक एम ५ असतात, त्यांना ४ मिलिमीटरची ॲलन की लागते. घरून निघण्यापूर्वी बोल्ट काढून निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सुटू न देणारा चिकट द्रव) लावून पुन्हा बसवा आणि रोज सकाळी निघण्याआधी चारही बोल्ट बोटाने चाचपून बघा. खालचा, चाकाच्या आसाजवळचा बोल्ट सगळ्यात आधी सुटतो. तो पडला की कॅरियर चाकात जातं.

दुरुस्तीच्या पिशवीत दोन ट्यूब, पॅचचा संच, टायर लिव्हर, छोटा पंप, मल्टीटूल, चेनची क्विक लिंक दोन, डिरेलर हँगर (तुमच्याच सायकलचा, दुसऱ्याचा बसत नाही), आऱ्या कसायची चावी, मागच्या चाकाच्या नेमक्या मापाच्या दोन-तीन आऱ्या, झिप टाय आणि टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा चार इंची तुकडा एवढं असू द्या. मागच्या चाकाची चेनकडची आरी तुटली तर बाकीच्या आऱ्या थोड्या कमी-जास्त करून चाक सरळ करा, ब्रेक सैल ठेवा आणि पुढच्या गावातल्या दुकानापर्यंत जा. वाटेवरच्या बऱ्याच गावांत सायकलचं दुकान आहे, पण सोमवार-मंगळवारी बंद असणारीही त्यांत आहेत.

बसण्याचं दुखणं

याचा विचार फार थोडे जण करतात. घाटात चढताना आपण उभे राहतो, उतारावर पायडल थांबवतो, वळणावर अंग हलवतो. इथे असं काहीच होत नाही. सहा-सात तास एकाच तऱ्हेने बसून एकाच गतीने पाय चालत राहतात. ढुंगण, तळहात आणि मान यांना विश्रांती मिळत नाही. घाट चढणारे दणकट लोकही इथे दुसऱ्या दिवशी कुरकुरतात ते त्यामुळे.

दर दहा मिनिटांनी एक गिअर जड करून वीस-तीस पायडल उभ्याने मारा, दुखत नसलं तरी. पॅडची चड्डी घाला, तिच्या आत दुसरं काही घालू नका आणि घासणाऱ्या जागी व्हॅसलिन लावा. चड्ड्या किमान दोन हव्यात, रोज एक धुवायची. हँडलला हात ठेवायच्या दोन-तीन जागा असू द्या. सरळ हँडल असेल तर बार एंड (टोकाच्या जादा मुठी) लावून घ्या. आणि नवं सीट या सहलीवर पहिल्यांदा वापरू नका. निघायच्या महिनाभर आधी, पूर्ण सामान लादून, खडीच्या वाटेवर ४०-५० किलोमीटरची फेरी लागोपाठ दोन दिवस करून बघा. काय दुखतं आणि काय सुटतं ते तिथेच कळेल.

दिवसांची आखणी

मैलाच्या खुणा लक्षात ठेवा: ‘गॅप’वर शून्य कंबरलँडला आणि १५० पिट्सबर्गला. कालव्यावर शून्य जॉर्जटाउनला आणि १८४.५ कंबरलँडला. म्हणजे पिट्सबर्गहून निघाल्यावर दोन्ही वाटांवर आकडे उतरत जातात. अपघात किंवा आजारपणात ९११ ला फोन केलात तर हा मैलाचा आकडाच सांगायचा असतो, म्हणून येणारा प्रत्येक खांब वाचत जा.

सात दिवसांची आखणी बहुतेकांना झेपते.

पहिला दिवस पिट्सबर्ग ते कॉनेल्सव्हिल, सुमारे ६० मैल. पॉइंट स्टेट पार्कमधल्या कारंज्यापासून सुरुवात. हॉट मेटल पुलावरून मोनाँगाहेला नदी ओलांडून होमस्टेड, मॅककीस्पोर्ट. हा पट्टा डांबरी आहे आणि जुन्या पोलाद कारखान्यांच्या भागातून जातो. काच आणि लोखंडी कचरा इथेच टोचतो, दिवसाच्या पहिल्या तीस किलोमीटरवर टायरांकडे लक्ष ठेवा. मॅककीस्पोर्टपासून यॉकिगेनी नदीची सोबत सुरू होते. स्थानिक लोक तिला नुसतं ‘यॉक’ म्हणतात. बोस्टन नावाच्या गावापुढे दरडीवरून लाल-नारिंगी पाण्याच्या धारा उतरताना दिसतात. फोटो चांगला येतो, पाणी मात्र घेऊ नका. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींतलं ते आम्लयुक्त पाणी आहे, त्यात लोह आणि इतर धातू विरघळलेले असतात. ट्रेकिंगचा फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेले धातू नाही. साठ मैल जास्त वाटत असतील तर ३६ मैलांवर वेस्ट न्यूटनला थांबा आणि सहलीला एक दिवस वाढवा. कॉनेल्सव्हिलला वाटेला लागूनच लाकडी निवारे आहेत, शेजारी मोठं किराणा दुकान. पुढच्या दोन दिवसांचा शिधा इथे भरून घ्या.

दुसरा दिवस कॉनेल्सव्हिल ते रॉकवुड, ४५ मैल. पूर्ण मार्गातला सर्वांत देखणा पट्टा. १७ मैलांवर ओहायोपाइल: नदीचा धबधबा, राफ्टिंग आणि वाटेचे दोन उंच पूल. १९८६ साली रेल्वेमार्गाची वाट म्हणून जो पहिला तुकडा खुला झाला तो इथलाच. फ्रँक लॉइड राइटने बांधलेलं ‘फॉलिंगवॉटर’ हे घर जवळच आहे, पण तिकडचा रस्ता अरुंद, चढाचा आणि मोटारींचा. सायकल गावात लावून दुसरी सोय बघावी. ओहायोपाइलच्या स्टेट पार्कचा केंटक कॅम्प टेकडीवर आहे, सामान ओढत तिथे चढणं दिवसाच्या शेवटी जिवावर येतं. त्यापेक्षा ११ मैल पुढे कॉन्फ्लुअन्स बरं. यॉकिगेनी, कॅसलमन आणि लॉरेल हिल क्रीक तिथे एकत्र येतात, आणि धरणाच्या पायथ्याला सपाट कॅम्प आहे. तिथून पुढे कॅसलमनच्या काठाने. मोबाइलची रेंज या खोऱ्यात जाते-येते. नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा.

तिसरा दिवस रॉकवुड ते कंबरलँड, ४४ मैल. मायर्सडेलच्या अलीकडे १,९०८ फूट लांबीचा सॉल्सबरी पूल लागतो. खालून कॅसलमन नदी, हमरस्ता आणि चालू रेल्वेमार्ग, वरून बेफाम वारा. रुंद बॅगा असतील तर सायकल हलते, कठड्यापासून दूर राहा. मायर्सडेलला जेवून घ्या. पुढे डिव्हाइड, मग बिग सॅव्हेज. बोगद्यात दिवे आहेत, तरी पुढचा-मागचा दिवा लावा आणि आत शिरण्यापूर्वी काळा चष्मा काढा. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो, घामेजलेल्या अंगावर जॅकेट चढवूनच शिरा. बाहेर पडलात की समोर मेरीलँडचे डोंगर उलगडतात, आणि थोडं खाली मेसन-डिक्सन रेषेची, म्हणजे पेनसिल्व्हेनिया-मेरीलँड सीमेची खूण. तिथून उतार. मोह होतो, पण वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत ठेवा: सैल कचेवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सरकतं. फ्रॉस्टबर्ग ते कंबरलँड पट्ट्यात वाटेशेजारूनच पर्यटकांची आगगाडी धावते आणि ब्रश बोगद्यात ती आणि तुम्ही एकत्र असू शकता. गाडीचा आवाज आला तर आत शिरू नका, बाहेर थांबा. धुराचं वेगळं सांगायला नकोच.

चौथा दिवस कंबरलँड ते लिटल ऑर्लिन्स, सुमारे ४४ मैल. या दिवसाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

कंबरलँड ते हॅन्कॉक: ६० मैल आपल्या जिवावर

कंबरलँड सोडलं की हॅन्कॉकपर्यंत खात्रीचं दुकान नाही. ओल्डटाउन, नदीपलीकडचं पॉ पॉ, लिटल ऑर्लिन्स इथे कधी काही उघडं असतं, कधी नसतं. त्यावर भिस्त ठेवू नका. कंबरलँडलाच दीड दिवसाचं जेवण आणि माणशी तीन लिटर पाणी घेऊन निघा.

आपल्या घरचे पदार्थ इथे फार कामाला येतात. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन-तीन दिवस टिकतात, सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी. डिंकाचे किंवा दाण्या-गुळाचे लाडू हँडलच्या पिशवीत, दर पाऊण तासाला अर्धा. चिवडा नको, खडबडीत वाटेवर त्याचा भुगा होतो आणि चालवताना खाताही येत नाही. रात्री लवकर शिजणारा भात, मेतकूट, तूप. इंधनाचं एक ध्यानात ठेवा: परतीला रेल्वेने येणार असाल तर गॅसचा डबा किंवा स्पिरिट गाडीत नेता येत नाही, म्हणून संपेल एवढंच घ्या. शाकाहारी मंडळींनी छोट्या गावांत पिझ्झा, बटाटा आणि सॅंडविच यापलीकडे अपेक्षा ठेवू नये.

मुक्कामासाठी कालव्याच्या कडेने दर पाच-सात मैलांवर सायकल व पायी प्रवाशांसाठीचे कॅम्प आहेत: सॉरेल रिज, स्टिकपाइल हिल, डेव्हिल्स ॲली अशी त्यांची नावं. जो आधी पोचेल त्याची जागा, पैसे नाहीत, एका ठिकाणी एकच रात्र. टेबल, शेकोटीची जागा, फिरतं शौचालय आणि हातपंप एवढी सोय. पंपाच्या पाण्यात आयोडिन घालतात, त्याचा रंग आणि वास पाहून घाबरू नका. चव मारायला लिंबू सरबताची पूड बरी. मात्र पंपाला दांडा नसेल तर तो बंद आहे असं समजायचं. साधारण नोव्हेंबर मध्य ते एप्रिल मध्य सगळ्यांचेच दांडे काढलेले असतात, एरवीही पाण्याची तपासणी नीट न आल्यास एखादा बंद करतात. म्हणून एक पंप चुकला तरी पुढच्यापर्यंत पोचू एवढं पाणी नेहमी अंगाशी हवं. कचराकुंडी कुठेच नाही, सालं-पिशव्या सगळं बरोबर न्यायचं. आणि कानात घालायचे बोळे घ्या. नदीच्या काठाने मालगाड्या रात्रभर धावतात आणि प्रत्येक फाटकाला भोंगा वाजवतात.

मैल १५५ ला पॉ पॉ बोगदा. लांबी ३,११८ फूट. १८३६ साली काम सुरू झालं आणि तो १८५० साली, म्हणजे कालवा कंबरलँडला पोचला त्या वर्षी, वापरात आला. आत दिवे नाहीत. एका बाजूला विटांची भिंत, दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा आणि खाली काळं पाणी. सायकलवरून उतरायचं, हा नियमही आहे आणि शहाणपणही: फरसबंदी उंचसखल, वरून ठिबकणारं पाणी, आणि बॅगेचं टोक कठड्याला अडकलं की तोल जातो. भिंतीच्या बाजूने स्वतः चाला, सायकल कठड्याच्या बाजूला धरा, डोक्यावर हेडलॅम्प. फोनचा दिवा पुरत नाही, कारण दोन्ही हात सायकलला लागतात. समोरून कोणी आलं तर एकाने थांबून सायकल भिंतीला टेकवावी. बोगदा बंद असेल तर डोंगरावरून जाणारी पर्यायी पायवाट आहे, पण सामान लादलेली सायकल तीवर ढकलायला चांगला तासभर धरा.

हॅन्कॉकपासून जॉर्जटाउन

पाचव्या दिवशी लिटल ऑर्लिन्स ते विल्यम्सपोर्ट, ४१ मैल. पाऊस झाला असेल तर इथे सुटकेचा मार्ग आहे: कालव्याला समांतर, ‘वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल’ ही डांबरी वाट लिटल ऑर्लिन्सपासून हॅन्कॉकमार्गे बिग पूलपर्यंत सुमारे २८ मैल जाते. मध्ये इंडिगो बोगदा वटवाघळांसाठी राखून बंद ठेवला आहे, तेवढ्यापुरतं कालव्याच्या वाटेवर यावं लागतं. चिखलाने वैतागलेल्यांना ही डांबरी पट्टी दोन तास वाचवून देते.

सहावा दिवस विल्यम्सपोर्ट ते हार्पर्स फेरी, ३९ मैल. मैल ८८ च्या खाली बिग स्लॅकवॉटर, जिथे कालवा नव्हताच, बोटी थेट नदीतून जायच्या. २०१२ साली इथली वाट काँक्रीटची करून दिली. ती कड्याला चिकटून, पाण्याच्या अगदी वर आहे, म्हणून नदीला पूर आला की पहिल्यांदा हाच भाग बुडतो. हार्पर्स फेरीला रेल्वे पुलाला लागून पादचारी पूल आहे, त्यावरून पलीकडच्या गावात जाता येतं. पुलावर सायकल हातात धरूनच.

सातवा दिवस ६१ मैलांचा. मोनोकसी नदीवरचा सात कमानींचा जलसेतू, मग ग्रेट फॉल्स. शनिवार-रविवारी ग्रेट फॉल्सपासून पुढे चालणाऱ्यांची गर्दी असते. सायकलला घंटी हवीच, आणि ताशी १५ मैलांची वेगमर्यादा पाळावी. शेवटच्या सोळा-सतरा मैलांत मुक्कामाची सोय धरू नका. फ्लेचर्स कोव्हला, म्हणजे मैल ३ च्या आसपास, शेजारच्या डांबरी ‘कॅपिटल क्रेसंट’ वाटेवर सरका, जॉर्जटाउनमधली कालव्याची पट्टी अरुंद आणि गोंधळाची आहे. शून्याचा खांब रॉक क्रीक पोटोमॅकला मिळते तिथे, बोटींच्या क्लबमागे लपलेला आहे. पाटी शोधत बसण्यापेक्षा पाण्याच्या कडेकडेने जा.

ज्यांना सात दिवस नकोत, किंवा भारतातून आई-बाबा आलेत आणि त्यांनाही थोडी सायकल चालवायचीय, त्यांच्यासाठी दोन तुकडे: ओहायोपाइल ते कॉन्फ्लुअन्स जाऊन-येऊन २२ मैल, किंवा कंबरलँडहून सायकली घेऊन पर्यटक आगगाडीने फ्रॉस्टबर्गला चढायचं आणि १६ मैल उताराने परत यायचं. सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते.

किडे, पानं आणि पूर

अस्वलं या डोंगरात आहेत, पण रात्री खाणं पळवतो तो रकून. खाण्याची पिशवी तंबूत नको, झाडाला टांगा. खरी काळजी गोचिडीची. हरणाच्या बारीक गोचिडीतून लाइम आजार होतो. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, चटका देणं असले उपाय करू नका, ती आतलं ओकते. नंतर महिनाभर ताप येतोय का, वाढत जाणारा लाल चट्टा उठतोय का बघा आणि तसं झालं तर डॉक्टरकडे जा. तीन-तीन पानांचा पुंजका असलेली पॉइझन आयव्ही सगळीकडे आहे, सायकल झुडपात टेकवताना हँडलला तिचा चीक लागतो. हात लागला तर लगेच साबण-पाण्याने धुवा, आणि तिची काटकी शेकोटीत घालू नका, धूरही त्रास देतो.

पोटोमॅकला पूर आला तर वाट दिवसचे दिवस पाण्याखाली राहते. १९२४ च्या पुरानंतरच कालव्यातली वाहतूक कायमची थांबली. पुढे या जागी मोटाररस्ता करायचा घाट होता, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ साली पूर्ण वाट पायी चालून हाणून पाडला, आणि १९७१ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या सूचना वाचा. पडलेली झाडं, बंद पूल, वळसे सगळं तिथे मिळतं.

परत कसं यायचं

जॉर्जटाउनहून युनियन स्टेशन सुमारे चार मैल, बहुतेक सगळं सायकलपट्टीवरून. अ‍ॅमट्रॅकची वॉशिंग्टन-पिट्सबर्ग-शिकागो गाडी, सध्या ‘फ्लोरिडियन’, हार्पर्स फेरी, कंबरलँड आणि कॉनेल्सव्हिल इथे थांबते. सायकलसाठी जागा मोजक्या असतात आणि तिकिटासोबतच आरक्षण करावं लागतं. मे, जून आणि ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, म्हणून आधी परतीच्या गाडीत सायकलची जागा मिळते का ते बघा आणि मग त्यावरून निघायची तारीख ठरवा. पश्चिमेकडे जाणारी गाडी पिट्सबर्गला मध्यरात्रीच्या सुमारास पोचते आणि उशीर नेहमीचाच, तेव्हा त्या रात्रीच्या मुक्कामाचं किंवा घ्यायला येणाऱ्याचं आधीच बोलून ठेवा. जागा नसेल तर एकेरी भाड्याची मोठी गाडी हा दुसरा पर्याय. चौघांत खर्च वाटला तर तो फारसा महाग पडत नाही.